काच नंतर, आधी बीळ बघा

प्रश्न : ताई, आमच्या आठवीतल्या मुलाने मोबाईलवर मँटिस श्रिंप बघितला, तेव्हापासून घरात तोच विषय. आमच्याकडे तीन फुटी टँक आहे, त्यात गोल्डफिश आहेत. त्यांच्यासोबत ठेवला तर चालेल का आणि तो खरंच काच फोडतो का? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : दादा, गोल्डफिशसोबत अजिबात नको. ते गोड्या पाण्यातले, हा समुद्रातला, कोळंबी-खेकड्यांसारखा कवचवाला प्राणी. आणि खाऱ्या पाण्यातले मासे टाकलेत तरी हा त्यांना सोडणार नाही, त्याला एकटंच ठेवावं लागतं.

मुलगा भाळलाय तो बहुतेक पीकॉक मँटिस. हिरवं अंग, केशरी पाय, पुढे बिबट्यासारखे ठिपके, आणि देठावरचे डोळे, एक तुमच्याकडे बघत असतो तेव्हा दुसरा भलतीकडेच फिरत असतो. रंग टिपणाऱ्या पेशी आपल्याकडे 3 प्रकारच्या, याच्याकडे 12, तरी 2014 च्या एका अभ्यासात दिसलं की जवळजवळच्या दोन रंगांतला फरक त्याला आपल्याइतका कळत नाही. हिंदी महासागर ते पॅसिफिक, पोवळ्यांच्या आजूबाजूच्या वाळूत-खड्यांत बीळ करून राहतो, मोठा झाला की 18 सेंटीमीटरपर्यंत जातो.

काचेचं म्हणाल तर फुटल्याचे प्रकार झालेत, पण क्वचित. पुढच्या गदेसारख्या पायांनी मारलेला त्याचा ठोसा सेकंदाला 23 मीटरपर्यंत वेगाने जातो, त्याने पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना शिंपल्याला दुसरा दणका बसतो. म्हणून अ‍ॅक्रिलिकचा (काचेसारख्या प्लास्टिकचा) टँक घ्या, नाहीतर निदान तळाशी अ‍ॅक्रिलिकची शीट टाका कारण तो खणत खणत तिथेच पोचतो.

पण खरं सांगू, माझा पहिला मँटिस गेला तो उथळ बिळामुळे आणि वरच्या झगझगीत लाईटमुळे, त्याच्या पाठीवर डाग पडत गेले आणि मला वाटलं रंग बदलतोय. ती कवच सडत जाण्याची लागण होती. त्यामुळे आधी नळाच्या सामानाच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणि दोन एल्बो (वळणाचे जोड) आणा, त्याच्या अंगाच्या तीन-चार पट लांब, दोन्ही तोंडं वर येतील असं यू आकाराचं बीळ वाळूत पुरा, लाईट मंद ठेवा. समुद्रातून काढलेलं पोवळं कोणी दिलं तर घेऊ नका, आपल्याकडे त्याला कायद्याने संरक्षण आहे, सिरॅमिकचे दगड चालतात.

कात टाकायची वेळ आली की तो खडे ओढून दार बंद करतो आणि काही दिवस आतच बसतो, जेवतसुद्धा नाही. मेला समजून खडे हलवू नका, नवं कवच मऊ असतं हो.

आपल्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, ते थेट वापरू नका. आरओचं पाणी घ्या आणि लिटरला 35 ग्रॅम मरीन सॉल्ट, म्हणजे 200 लिटरला 7 किलो, स्वयंपाकाचं मीठ नाही. तापमान 24 ते 27, म्हणजे इंदुरातल्या मे महिन्यात चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) आलाच, तो परवडणार नसेल तर हा विचारच सोडा. माशांचं तांबं असलेलं औषध या टँकमध्ये एक थेंबही नको, त्याने हा मरतो. खायला आठवड्यातून दोन-तीनदा कवचासकट कोळंबी, छोटे खेकडे किंवा शिंपल्या द्या, त्याला फोडायला काहीतरी लागतं.

टँक भरला की महिना-दीड महिना जनावराशिवायच चालवा. मुलाला रोज पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक तपासून वहीत लिहायला लावा, दोन्ही शून्यावर टिकले की ती वही मला पाठवा, मग कुठला आणायचा ते बघू.