वाडा कुणाचा, कधीचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाईतल्या आमच्या वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर ‘हक्काचा मूळ धारक’ म्हणून पणजोबांचं नाव आहे. घरात मात्र वाडा पेशवाईतला असल्याचं सांगतात. खरं काय मानायचं?

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. ‘मूळ धारक’ म्हणजे बांधणारा नव्हे. सिटी सर्व्हेच्या (शहरातल्या जागांच्या सरकारी मोजणीच्या) चौकशीत ज्याचा हक्क मान्य झाला, त्याचं नाव त्या रकान्यात येतं. त्यामुळे उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे सिटी सर्व्हे नंबर देऊन पत्रकाबरोबर चौकशी नोंदवहीच्या उताऱ्याचीही नक्कल मागा. हक्क खरेदीखतावरून मान्य केला, वाटणीपत्रावरून की सनदेवरून, हे तिथं कळतं. लोक नेमकं हेच मागत नाहीत.

खरेदीखत निघालं तर दुय्यम निबंधक कार्यालयातून (दस्त नोंदवले जातात तिथून) आधीचे दस्त शोधत मागं मागं जात राहा. दस्तात आधी चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, वाचा. शेजाऱ्यांची नावं पिढीगणिक बदलतात. घाट, देऊळ, सार्वजनिक बोळ सहसा जागचे हलत नाहीत. वाटण्या झाल्या असतील तर एका वाड्याचे तीन-चार नंबर पडलेले असतात, तेव्हा भाऊबंदांच्या नंबरांचेही उतारे काढा. आडनावावर विसंबू नका. जुन्या कागदात बऱ्याचदा फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं.

१८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. त्याआधीच्या कागदांसाठी पुणे पुराभिलेखागार गाठावं लागतं आणि मोडी वाचणारा सोबत हवा. तिथं वाड्याच्या नावानं शोधू नका. इनाम, वतन, कर्ज, तंटा यांच्या कागदात घराचा उल्लेख ओघानं येतो.

प्रश्न : साताऱ्यातल्या घरी मोडी कागद सापडला. त्यावर नुसतं ‘सन ११७०’ आहे. इसवी सन कोणता?

उत्तर : सुहूर आणि फसली या जुन्या कागदांतल्या दोन कालगणना. सुहूर सन असेल तर ५९९ मिळवा : १७६९-७०. फसली असेल तर ५९० मिळवा : १७६०-६१. दोन्ही वर्षं मृगाच्या सुमारास सुरू होतात, म्हणून एकाच सनात दोन इसवी वर्षं येतात. ‘सबैन मया व अलफ’ असं अक्षरी असेल तर तो सुहूर धरा (सत्तर, शंभर आणि हजार). नुसता आकडा असेल तर पेशव्याचं नाव पाहा. बाळाजी बाजीराव जून १७६१ मध्ये वारले आणि त्यानंतर माधवराव पेशवे झाले, त्यामुळे ‘माधवराव बल्लाळ प्रधान’ असेल तर १७६९-७० पक्कं. छत्रपतींच्या नावाचा इथं उपयोग नाही. रामराजे १७४९ ते १७७७ गादीवर होते, म्हणजे दोन्ही वर्षं त्यांच्याच काळातली. शक दिला असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तिथीला मात्र ७९.

प्रश्न : सांगलीतल्या आमच्या वाड्यावर मंगळुरी कौलं आहेत. त्यावरून वय ठरवता येईल का?

उत्तर : छपराचं ठरेल, वाड्याचं नाही. ही कौलं बनवणारा पहिला कारखाना मंगळुरात १८६५ मध्ये निघाला. आधी माती किंवा नळीची कौलं असलेल्या घरांवर ती नंतर चढली. कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप जपून ठेवा. खांब-तुळयांवरूनही घाईनं निष्कर्ष काढू नका. कशालाच न जुळणाऱ्या रिकाम्या खाचा दिसल्या तर लाकूड दुसऱ्या, पडलेल्या घरातून आणलेलं असू शकतं, आणि मग लाकूड वाड्यापेक्षा जुनं ठरतं. भरवशाचं म्हणाल तर जोतं : घडीव काळा दगड, चुन्याचे सांधे, खांबाखालचे तळखडे. मालक बदलले, वरचे मजले जळले तरी जोतं बहुधा तेच राहतं. तिथं सिमेंट भरून सांधे बुजवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. एकदा बुजले की जुना चुना कुठला आणि नंतरची डागडुजी कुठली, हे वेगळं ओळखणं अशक्य होतं.