निर्यातीचा भाव जास्त असूनही डम्पिंग कसे?

अंबडच्या कारखान्यातील फ्लँज (पाइप जोडायच्या लोखंडी चकत्या) पुण्याच्या ग्राहकाला किलोमागे ११८ रुपयांना आणि परदेशी ग्राहकाला १२१ रुपयांना जात असताना आपल्यावर डम्पिंगचा, म्हणजे देशातील भावापेक्षा स्वस्तात परदेशी विकण्याचा, ठपका का, असे आपण विचारले आहे. तपास सुरू होणे हा अन्याय नव्हे. अन्याय होतो तो हिशोबात, आणि माझ्या अनुभवात त्याची सुरुवात बरेचदा तपास अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या आणि आपणच अर्धवट भरलेल्या प्रश्नावलीत होते.

जागतिक व्यापार संघटनेच्या अँटी-डम्पिंग कराराच्या कलम २.४ नुसार तुलना साधारणतः कारखान्याच्या दारातील भावांची आणि शक्यतो एकाच काळातील विक्रीची करायची असते. ११८ मधून पुण्याचे ट्रकभाडे ३ आणि पॅकिंगचे ३ वजा केले की ११२ उरतात. १२१ मधून जहाजभाडे व विमा ८, न्हावा शेवापर्यंतची वाहतूक व बंदरखर्च ४ आणि लाकडी खोक्यांचे ४ गेले की १०५ उरतात. फरक ७ रुपयांचा, म्हणजे निर्यातभावाच्या सुमारे ६.७ टक्के.

प्रश्नावलीची पुढची पाने मात्र आपल्या बाजूची असू शकतात. परदेशी ग्राहक आगाऊ पैसे देत असेल आणि पुणेकराला ६० दिवसांची उधारी असेल, तर त्या व्याजाचे साधारण २ रुपये, आणि वर्षअखेरीस क्रेडिट नोटने (बिलाची रक्कम कमी करणाऱ्या चिठ्ठीने) दिलेल्या सवलतीचे ४ रुपये वजा मागता येतात. मग देशातील भाव १०६, फरक १ रुपया. कलम ५.८ प्रमाणे फरक २ टक्क्यांच्या आत असेल तर तपास थांबवावा लागतो. मात्र सवलत विक्रीआधीच ठरली होती, हे दाखवणारा कागद हवा. नुसत्या टॅलीतील नोंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

सिन्नरच्या एका कारखान्याचे उत्तर मी तपासले होते. त्यात देशातील विक्री नगांत आणि निर्यात किलोत लिहिलेली होती. दुरुस्तीला वेळ उरला नाही आणि अधिकाऱ्यांनी उपलब्ध माहितीवर शुल्काचा दर ठरवला, कलम ६.८ त्यांना तशी मुभा देते. परदेशातील तक्रारदार उद्योग महिनोन्‌महिने तयारी करून अर्ज करतो आणि उत्तर देणाऱ्याला किमान ३० दिवस मिळतात. हा असमतोल मला आजही खटकतो.

अधिकारीही चुकतात. युरोपीय समुदायाने भारतीय चादरींच्या प्रकरणात उणे आलेले फरक (जिथे निर्यातभावच जास्त होता) शून्य धरून सरासरी फुगवली होती. भारताने दाद मागितल्यावर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने ती पद्धत कराराविरुद्ध ठरवली. म्हणून अंतिम निर्णयापूर्वी कलम ६.९ नुसार हाती येणारी, निर्णयाचा आधार असलेली तथ्ये आपल्या आकड्यांशी ताडून पाहावीत. तूर्त मुदतवाढीचा सकारण अर्ज मुदत संपण्याआधी लेखी पाठवा आणि पुण्याच्या ग्राहकाशी झालेला सवलतीचा करार शोधून ठेवा.