सकाळी आभाळ लालभडक दिसलं की पाऊस येतो, हे खरंय का?

सोलापुरात तरी ह्यावर भरवसा ठेवून वाळत घातलेले कपडे आत घेऊ नका. सूर्य क्षितिजाजवळ असला की उजेडाला हवेतनं लय लांबून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि लाल-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो, वर उंच ढग असले की ते खालून पेटल्यासारखे दिसतात, एवढंच.

सकाळी लाल तर वादळ, संध्याकाळी लाल तर उघडीप हा आडाखा युरोपातल्या खलाशांचा. तिकडं हवामान बहुतेक पश्चिमेकडनं पूर्वेकडं सरकतं, म्हणजे पूर्व मोकळी असून पश्चिमेच्या ढगांवर लाली आली तर पाऊस अजून यायचाय. आपल्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात जो धो धो पडतो तो बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळं, आणि ते येतं पूर्वेकडनं! मग गणितच उलटं झालं की.

चंद्राचं खळं (चंद्राभोवती दिसणारं कडं) मात्र जरा कामाचं, ते उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांमुळं दिसतं आणि असे ढग कधीकधी पावसाच्या पुढं पुढं येतात (दरवेळी नाही हां). आणि 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' हा काय अंदाज नाही, तो शेतीचा हिशोब आहे, ऑक्टोबरअखेर स्वाती नक्षत्राचा पाऊस झाला की मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ओल टिकते आणि मालदांडी ज्वारी त्याच ओलीवर निघते.