एकीचा भार शेपटावर, दुसरीचा डोक्यावर

प्रश्न: मी सहा महिने झाले एस्टोनियन शिकतेय. मध्येच नवाहो भाषेचे काही व्हिडिओ बघितले आणि चक्रावले. दोन्हीकडे एकच स्वर दोनदा लिहून लांब करतात, दोन्हीकडे शब्द लांबलचक, दोन्हीकडे तो-ती असा फरकच नाही. या दोन भाषांचं काही नातं आहे का? आणि शिकायला जास्त अवघड कुठली?

उत्तर: नातं नाही. एस्टोनियन ही फिनिशची सख्खी बहीण आणि हंगेरियनची लांबची, नवाहो म्हणजे अमेरिकेच्या अॅरिझोना-न्यू मेक्सिको भागातली, अपाचेची जवळची, आणि तिचे बाकीचे नातेवाईक पार वर कॅनडा-अलास्कात. २००८ मध्ये एडवर्ड वायदा यांनी नवाहोच्या या कुळाचं नातं सैबेरियातल्या केट भाषेशी जोडून दाखवलं, त्यावर अजून वाद आहेत, पण केट सैबेरियातली असली तरी ती एस्टोनियनच्या कुळातली नाही, त्यामुळे तो धागा धरून पण आपण एस्टोनियापर्यंत पोचत नाही.

पण तुम्ही टिपलेलं तो-तीचं साम्य खरंय हां. एस्टोनियनमध्ये 'ता' म्हटलं की तोही आला आणि तीही आली, नवाहोत पण तसंच. फक्त अशी साम्यं जगात ढिगाने सापडतात, त्यावरून नातं नाही ठरत.

मला स्वतःला फरकच जास्त आवडतो. एस्टोनियन सगळा भार नामाच्या शेपटावर टाकते आणि नवाहो क्रियापदाच्या डोक्यावर. एस्टोनियनमध्ये खोली म्हणजे 'तुबा', खोलीची म्हणजे 'तोआ', आणि खोलीत म्हणायचं तर तुबाला नाही, या 'तोआ'ला शेपूट लागतं, 'तोआस'. खोलीतून असेल तर 'तोआस्त'. आता हे ओळखीचं वाटतंय की नाही? पाणीत नाही म्हणत आपण, पाण्यात म्हणतो, आधी सामान्यरूप मग प्रत्यय, अगदी तोच प्रकार! अशा १४ विभक्त्या आहेत म्हणून लोक घाबरतात, पण मराठी माणसाने घाबरायचं कारणच नाही, आपण दिवसभर घरात-घरातून-घरापर्यंत-घराशिवाय हेच तर करतो.

कान मात्र तयार करावा लागतो. आपल्याला ऱ्हस्व आणि दीर्घ दोनच माहीत, एस्टोनियनमध्ये तीन लांब्या आहेत. 'लिना' म्हणजे चादर, 'लिन्ना' म्हणजे शहराचं, आणि तोच न अजून रेटून म्हटलात तर शहराकडे, शहरात. शेवटच्या दोघांचं स्पेलिंग एकच, म्हणजे वाचून काही कळणार नाही, ऐकूनच शिकायचं.

आता नवाहो. 'नाश्निश' म्हणजे मी काम करतोय, 'नानिल्निश' तू करतोयस, 'नाल्निश' तो किंवा ती करतेय. मूळ धातू शेवटी बसलाय, 'मी' म्हणजे तो श् मध्ये अडकलाय, आणि धातूच्या आधी अशा जागांची लांब रांग असते, कुठला तुकडा कुठे बसणार हे ठरलेलं. त्यावर परत सूर. 'अझे' खालच्या सुरात म्हटलं तर औषध, वरच्या सुरात तोंड.

आणि खरी गंमत म्हणजे 'दे' असा एक शब्दच नाही. वस्तू कशी आहे त्यावर क्रियापद बदलतं. बॉलसारखी भरीव गोल वस्तू असेल तर 'शा नीआह', कागद-कापड असेल तर 'शा नील्त्सोस', उघड्या भांड्यातली असेल तर 'शा नीकाह'. 'तो' म्हणजे पाणी, म्हणून 'तो शा नीकाह' म्हटलं की भांड्यातलं पाणी मला दे, भांडं हा शब्द न उच्चारता. आपल्याकडे याची थोडी झलक आहे बघा, साडी नेसतो, शर्ट घालतो, शाल पांघरतो, एकाच्या जागी दुसरं टाकलं की लगेच कानाला खटकतं. नवाहोत हे उचलणं, ठेवणं, देणं, नेणं सगळीकडे चालतं.

नवीन शब्द बनवण्यात पण दोघींची तऱ्हा वेगळी. एस्टोनियात योहानेस आविक नावाच्या भाषातज्ज्ञाने सरळ नवे शब्द घडवले, 'रेल्व' म्हणजे शस्त्र, 'रोइम' म्हणजे गुन्हा, आणि लोकांनी ते वापरायला घेतले. नवाहो सहसा वर्णन करते, रणगाडा म्हणजे सरपटत फिरणारी, वर मोठी तोफ बसवलेली गाडी, असा वाक्याएवढा शब्द. १९४२ मध्ये अमेरिकन मरीन्सनी २९ नवाहो तरुणांना घेऊन गुप्त कोड बनवला तेव्हा एवढं बोलायला वेळ कुठला, म्हणून रणगाड्याला नुसतं कासव म्हटलं. हे वाचून मला दरवेळी गलबलून येतं, कारण सरकारी निवासी शाळांमध्ये हीच भाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षा व्हायची, आणि त्याच सरकारला पॅसिफिकमधल्या लढाईत तीच भाषा लागली. कोडची माहिती १९६८ पर्यंत गुप्तच होती.

एस्टोनियन बोलणारे साधारण ११ लाख, म्हणजे तीही काही मोठी भाषा नाही. पण १९१९ पासून तार्तू विद्यापीठात शिकवणं एस्टोनियनमधून सुरू झालं, मधे सोव्हिएत काळ येऊन गेला, आणि २००४ पासून ती युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे. नवाहो बोलणारे दीड लाखांच्या आसपास, स्वतःचं कॉलेज १९६८ मध्ये उभं केलं, पण घरात मुलांशी इंग्लिशच बोलायची सवय वाढत गेली, तिथे मार बसला.

तर अवघड कुठली? मराठीवरून जाणाऱ्याला नवाहो, अजिबात शंका नाही. तुम्ही एस्टोनियन सोडू नका, फक्त प्रत्येक नवीन नाम 'तुबा, तोआ' असं जोडीनेच पाठ करा, नुसतं 'तुबा' नको. आणि नवाहोची ओढ लागलीच असेल तर व्याकरणाचं पुस्तक नंतर उघडा, आधी 'अझे'चे दोन सूर कानाला वेगळे लागेपर्यंत ऐका.