ग्रामीण रुग्णालयात एबीजी (रक्तातले वायू आणि आम्ल मोजणारं) मशीन नसताना मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) कसा ओळखायचा?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की सिंधुदुर्गात नवीन रुजू झालात, एबीजी मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि धाप लागलेला पेशंट आला की नेब्युलायझर लावण्यापलीकडे काही सुचत नाही. मी याच पट्ट्यात फिजिशियन आहे, म्हणून इथल्याच पेशंटवरून सांगतो.

आधी श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, पोटावरची चादर काढून. केस पेपरवर २० हा आकडा सवयीने लिहिला जातो, त्यावर विसंबू नका. श्वास ३०-३५, खोल आणि एकसारखा, छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ, ऑक्सिजन ९८ टक्के, असं चित्र दिसलं तर दुखणं फुप्फुसात नाही, रक्तात आहे असं धरून चला. रक्तातलं आम्ल वाढल्यावर शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून तोल सांभाळत असतं. घरचे ‘धाप लागता’ एवढंच सांगतात. अशा वेळी नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल देत राहिलात तर लॅक्टेट, म्हणजे रक्तातल्या आम्लाचाच एक प्रकार, आणखी वाढू शकतं.

आता लावणीच्या दिवसांत हमखास दिसणारा पेशंट घ्या. चिखलात राबणारा माणूस, चार दिवस ताप, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, डोळे लालभडक, लघवी कमी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका येतेच. जिल्ह्याहून रिपोर्ट आला तो असा: पीएच ७.२९, बायकार्बोनेट (आम्ल निवळवणारा क्षार) १२, कार्बन डायऑक्साइड २६, सोडियम १३४, क्लोराइड १००.

बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, म्हणजे २६. कार्बन डायऑक्साइड याच्या दोन अंक मागेपुढे हवा. इथे तो नेमका तेवढाच आहे, फुप्फुसं आपलं काम करताहेत. तोच ३८ असता तर पेशंट थकत चाललाय, आणि ‘३५ ते ४५ नॉर्मल’ असं छापलेलं बघून आपण निर्धास्त राहिलो असतो. नवख्यांचा घात इथेच होतो.

मग अ‍ॅनायन गॅप, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरतं ते: १३४ वजा ११२, म्हणजे २२. साधारण ८ ते १२ असायला हवा. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २ असेल तर ४ पासूनच्या प्रत्येक कमी ग्रॅममागे अडीच मिळवा, खरा गॅप २७. एवढा गॅप लॅक्टेट, कीटोन, निकामी मूत्रपिंड किंवा विष यांच्यामुळेच वाढतो. या माणसात मूत्रपिंड आणि लॅक्टेट दोन्ही असणार. पोटॅशियम मात्र गृहीत धरू नका. किडनी बिघडलेली असूनही लेप्टोमध्ये ते बऱ्याचदा कमी निघतं, आणि त्यात सोडा-बायकार्ब दिलं की आणखी घसरतं.

जुलाबाच्या पेशंटमध्ये गॅप सहसा नॉर्मल राहतो, कारण बायकार्बोनेट गेलं तिथे क्लोराइड येऊन बसतं. नॉर्मल सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तरी हेच होतं, म्हणून जुलाबात मी रिंगर लॅक्टेट देतो.

मधुमेह्यांत लघवीच्या पट्टीवर कीटोन कमी दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. पट्टीला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा मुख्य कीटोन कळत नाही. आणि गोळ्यांच्या यादीत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं दिसली, तर साखर २०० च्या आत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस असू शकतो. इन्सुलिनच्या आधी पोटॅशियम बघा. ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम द्या, इन्सुलिन थोडं उशिरा चालेल.

सॅम्पल शिरेतलं चालतं. पीएच जेमतेम ०.०३ ने कमी येतो, बायकार्बोनेट जवळपास तेच. सिरिंजमध्ये हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) फक्त फिरवून पूर्ण बाहेर टाका. उरलं तर बायकार्बोनेट खोटं कमी दिसतं.

रेफर करताना चिठ्ठीवर श्वासाचा वेग, शेवटची लघवी कधी झाली, किती सलाईन गेलं आणि पेशंट कोणत्या गोळ्या घेतो, एवढं लिहा. आणि वाटेत श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ आलीच तर अँब्युबॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) पेशंटच्याच वेगाने दाबायला सांगा. मिनिटाला ३५ श्वास घेणाऱ्याला आपण १४ वर आणलं तर पीएच काही मिनिटांत कोसळतो आणि हृदय बंद पडू शकतं. १०८ मध्ये जो बरोबर जाणार असेल त्याला हे स्वतः समजावून सांगा.