आधी हेल्मेट काढ

प्रिय पोरा,

परवा शटर अर्धं ओढल्यावर तू आलास, मोबाइल लेथच्या बेडवर ठेवलास आणि म्हणालास, "मामा, हे चॅट वाचून सांगा, मी नक्की कोण हाय?" मी चष्मा लावून वाचलं. तू चहा आणायला गेलास तेव्हा परत एकदा वाचलं. माझ्याकडेच का आलास ते मी विचारलं नाही. उद्यमनगरात माझ्याबद्दल मागं काय बोलतात ते मला ठाऊक आहे. समोरासमोर असलं बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितोय.

तू कोण आहेस हे मला माहीत नाही आणि त्याची मला चिंताही नाही. तुला एक ट्रान्स बाई आवडली, जन्मताना पोरगा म्हणून नोंदलेली. ती बाई आहे, तू बाप्या आहेस. त्याला काय नाव द्यायचं ते पुढं सावकाश बघ. मला खटकलं ते दुसरंच. दोन महिन्यांत तू तिला एक्केचाळीस मेसेज टाकलेस, मी मोजले. 'प्लेस आहे का', म्हणजे खोली आहे का, सहा वेळा. 'ऑपरेशन झालंय का' दोनदा. 'खरं नाव काय' एकदा, आणि तिनं नाव आधीच सांगितलेलं असताना! जेवलीस का, कामावरनं आलीस का, असलं एक अक्षर नाही. तुझ्या प्रोफाइलला फोटो बुलेटचा, खाली लिहिलंय 'डिस्क्रीट', म्हणजे सगळं गुपचूप. तिचा फोटो तिच्या तोंडाचा, टिकलीसकट. ती म्हणते, रविवारी चार वाजता रंकाळ्यावर चहा पिऊ. त्यावर तू आठ दिवस गप्प. आणि मला म्हणतोस, हेल्मेट घालून जातो, लांबनं बघतो, मग ठरवतो. लेका, ती काय जनावरांच्या बाजारातली म्हैस हाय?

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. रात्री जिच्याशी बोलतोस तिला दिवसा ओळख दे. जमत नसलं तर रात्री बोलू नको.

हे मला कुणी पुस्तकातनं शिकवलं नाही. 2009 साली मी छत्तीस वर्षांचा होतो. शाहूपुरीत नेट कॅफेत पडदा लावलेल्या केबिनी असायच्या, तिथं बसून याहूच्या चॅटरूममध्ये जायचो. आल्या आल्या वय काय, बाई का बाप्या, गाव कुठलं, हे तीन प्रश्न. ती इचलकरंजीची, सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगमध्ये हिशेब लिहायची. दिवसा शर्ट-पँट, कारण मालकाला तेच चालायचं, आणि आठवड्यातनं एकदा साडी. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, तुमच्या लेथवर सगळ्यात अवघड काम कुठलं? मी बोअरिंगबद्दल, म्हणजे लोखंडातलं भोक आतनं मापात कातायच्या कामाबद्दल, अर्धा तास टाइप करत बसलो. असं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारलं नाही.

चार वर्षं आम्ही भेटलो. कायम अंधार पडल्यावर, कायम हायवेच्या पलीकडं. मी हेल्मेट घालून जायचो. कोल्हापुरात त्या काळात हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे एकतर बाहेरगावचा नाहीतर काहीतरी लपवणारा, तरी मला वाटायचं मी लई हुशार. ती दर वेळी म्हणायची, एकदा महाद्वार रोडला जाऊया, गर्दीत कोण बघतंय. मी म्हणायचो, बहिणीचं लग्न होऊ दे.

2013 ची नवरात्र. मी आई आणि बहिणीबरोबर महाद्वार रोडला. समोरनं ती आली, मोरपंखी साडी, गजरा, हातात ओटीचं ताट. पहिल्यांदाच दिवसाउजेडी साडीत बघत होतो तिला. तिनं मला बघितलं आणि तिचा हात थोडा वर आला. पूर्ण नाही, छातीपर्यंत. मी बाजूच्या चपलांच्या दुकानात वाकलो, एक जोड उचलला, अंगठा ओढून बघितला आणि विचारलं, "केवढ्याला?" दुकानदार म्हणाला साडेतीनशे. घासाघीस न करता पैसे दिले, तेव्हा आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, कारण मी आणि घासाघीस नाही, हे तिला पटेना. मागं वळलो तर हात खाली गेला होता आणि ती शेजारच्या गाड्यावर बांगड्या चढवून घेत होती. चपला आठ नंबरच्या निघाल्या. मला नऊ लागतो.

आता तू म्हणशील, काळच तसला होता. मीही तेच म्हणत आलोय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 होतं की. जुलै 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते सैल केलं आणि 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं परत आवळलं. त्या रात्री मी तिला फोन केला, बघ, मी उगाच भीत नव्हतो. ती म्हणाली, "कोर्टानं चहा प्यायला बंदी केल्याली नाही." तेच शेवटचं बोलणं. 15 एप्रिल 2014 ला त्याच न्यायालयानं सांगितलं की आपण बाई, पुरुष का तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पेपर हातात धरून मी नंबर लावला. बंद.

आणि आईचं कारण? माझी आई मंगळवारी-शुक्रवारी दारात यल्लमाला सोडलेला जोगता आला की परडीत जोंधळे घालायची, साडीतल्या त्या बाप्याच्या पाया पडायची. मार्गशीर्षात सौंदत्तीची माणसं परतली की ओढ्यावरच्या यल्लमाला आंबील-भाकरी घेऊन जायची. हेच गाव चालीतनं जरा लचकणाऱ्या पोराला मागनं 'आत्ता गं बया' ओरडतं, तेही खरं. पण आई काय म्हणाली असती हे मी तिला कधी विचारूनच बघितलं नाही. मी स्वतःच ठरवलं आणि तिच्या नावावर खपवलं. पुढं मी लग्न केलं नाही. कुणा पोरीला फसवलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं धर. धरू नको, राहू दे. त्यानं त्या हाताचं काय झालं?

तुझ्या त्या सात हजारांचं बोलतो. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून ज्यानं पैसे उकळले, तो या बाईच्या जातकुळीतला नाही, उचललेला फोटो लावलेला कुणीतरी भामटा आहे. परत एक रुपया द्यायचा नाही, दिलास की तो मागतच राहतो. चॅट पुसू नको, स्क्रीनशॉट काढ, नंबर आणि पैसे गेलेला आयडी लिहून ठेव आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन कर. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली त्याचा गुन्हा आहे. तू कुणाशी बोलत होतास हा तुझा गुन्हा नाही. एकानं लुटलं म्हणून 'ह्या सगळ्या तसल्याच' असं माझ्या दुकानात परत बोलायचं नाही. तिचं खातं दोनदा बंद पडलं हे तिनंच तुला लिहिलंय, कुणीतरी नुसता राग म्हणून तक्रार ठोकली. धोका तुला आहे तेवढा तिलाही आहे, वर चार जास्त. ती उजेडात, चार माणसांत भेटू म्हणते ते काय नखरा म्हणून नव्हे.

तुझ्या यादीतल्या त्या दुसऱ्या माणसाचं मात्र वेगळं आहे, गडहिंग्लजकडचे, बायको-पोरं असलेले, शनिवारी खोलीत साडी नेसणारे. ते क्रॉसड्रेसर आहेत, स्वतःला पुरुषच म्हणतात. त्यांना 'साडीत बाहेर या' म्हणून मागं लागू नको. त्यांचा उजेड त्यांनी ठरवायचा. पण उद्या ते पँट-शर्टात एसटी स्टँडवर दिसले तर नमस्कार कर. ते नको म्हणाले तर गप्प बस, पण तुझ्याकडनं तोंड फिरवायचं नाही.

आणि स्वतःला 'अ‍ॅडमायरर' म्हणवून घेतोस ते बंद कर. खासबागेत वरच्या पायरीवर बसून शिट्ट्या मारणारे चाहते असतात. आखाड्याची माती त्यांच्या अंगाला लागत नाही.

लग्नाचं विचारलं होतंस. ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी लग्नाला नकार मिळाला, पण ट्रान्स बाईनं पुरुषाशी आहे त्याच कायद्याखाली लग्न करायला वाट आहे, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे पुढं वेळ आली तर तीही सबब राहिलेली नाही. पण लग्नाचं मी आत्ता बोलत नाही, चहाचं बोलतोय. रात्री जिच्याशी बोलतोस तिला दिवसा ओळख दे. तिसऱ्यांदा लागलं तर तिसऱ्यांदा सांगेन.

आज रात्री तिला मेसेज टाक. 'हाय' नको. आठ दिवस का गप्प होतो ते सरळ लिही, भ्यालो होतो असं लिही. बुलेटच्या जागी तुझं तोंड लाव. ती नाही म्हणाली तर तिचा हक्क आहे, परत विचारायचं नाही. हो म्हणाली तर सांगलीची गाडी स्टँडला लागायच्या आधी तू तिथं पोच. हेल्मेट डिकीत. ओळखीचं कुणी भेटलं, आणि ते भेटणारच, तर तिचं नाव घेऊन ओळख करून दे, तिनं सांगितलेलं नाव. प्लेस विचारायची नाही. काय काम करतेस ते विचार आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐक.

निघायच्या आधी घरी येऊन जा. माळ्यावर त्या चपला आहेत. आठ नंबर, तुला बसतील. एकदाही घातलेल्या नाहीत, पण दर पावसाळ्यानंतर तेल लावून ठेवतो.

तुझा,
मामा