आधी गळा चाचपून बघ

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. 38 किलोचा लॅब्राडोर, वजनावरून नंबर सांगणाऱ्या तक्त्यात श्वासनळीत घालायची 12 नंबरची ट्यूब, ती जाईना, 11 अडली आणि शेवटी 10 गेली. आता विचारतेस, माझा हात कच्चा की तक्ता चुकीचा? हात चांगला आहे तुझा. अडली तिथे जोर केला नाहीस, हे मला फार आवडलं. पण भूल देण्याआधी त्याचा गळा चाचपला होतास का? मेसेजमध्ये वजन आहे, वय आहे, लसीकरणसुद्धा आहे. गळ्याबद्दल एक अक्षर नाही.

घरचं तूप-पोळी खाऊन त्या कुत्र्याच्या अंगावर दहा किलो चरबी चढली असेल. श्वासनळी चरबीने रुंद होत नसते. आता आपल्याकडचं गावरान कुत्रं घे. कपाशीच्या वावरात रानडुकराने पोट फाडलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं, वजन जेमतेम पंधरा-सोळा किलो. मालक चप्पल बाहेर काढून उभा, "वाचते ना जी?" म्हणून विचारतो. तक्ता 8 म्हणेल. अंगठा आणि तर्जनीत त्याची श्वासनळी धर, लांब मानेत कड्या स्पष्ट लागतात. तिथे 9 सहज जाते, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणून म्हणतो, आधी गळा चाचपून बघ.

कसं, तेही सांगतो, कारण कॉलेजात हे घाईत उरकतात. मानेच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंनी बोटं ठेव, दाबू नको. मग ट्यूबच तिथे कातडीला लावून धर. ट्यूबवरचा नंबर आतल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये असतो, जायची असते ती बाहेरची जाडी, आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी. अंदाजाची एक, तिच्या वरची एक, खालची एक, अशा तीन ट्यूब कफ, म्हणजे टोकाजवळचा गळती रोखणारा फुगा, फुगवून तपासून, जेल लावून ट्रेमध्ये हव्यात. इंजेक्शन त्यानंतर. लांबीही बाहेरूनच मोज. दातापासून खांद्याच्या टोकापर्यंत पुरे, त्यापुढे गेली तर एकाच फुफ्फुसात हवा जाईल. नाकपुड्यांमधल्या पडद्यावरून नंबर ठरवायची युक्ती कुणी सांगेल, तिच्यावर विसंबू नको.

एका मिलिमीटरने काय होतं, असं तुझे व्रणोपचारक, दवाखान्यातले ड्रेसर, म्हणतील. माझेही म्हणायचे, "साहेब, जाते ती घाला अन् मोकळे व्हा." त्रिज्या कमी झाली की नळीतला अडथळा तिच्या चौथ्या घाताने वाढतो. 8 ऐवजी 7 घातलीस तर श्वास ओढायला अडथळा जवळपास पावणेदोन पट. 5 ऐवजी 4 घातलीस तर अडीच पटीच्या आसपास. भुलेत अर्धमेल्या झालेल्या जिवाला आपण बारीक पुंगळीतून श्वास घ्यायला लावतो! वर बारीक ट्यूबची गळती झाकायला कफ टम्म फुगवतात, आणि श्वासनळीचं आतलं अस्तर त्या दाबाने मरतं. भुलीचं मशीन असेल तेव्हा जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह बंद करून 20 सेंटिमीटर पाण्याइतका दाब दे, तोंडाशी कान ने, फुसफुस थांबेल इतकीच हवा कफमध्ये भर. आणि व्हॉल्व्ह लगेच उघड, लगेच.

मशीन नाही म्हणून ट्यूबच नको, हा युक्तिवाद मला ऐकवू नको. झायलाझिन या गुंगीच्या इंजेक्शनाने कुत्रं ओकू शकतं. ट्यूबशिवाय ती ओकारी फुफ्फुसात गेली तर झायलाझिन-केटामीनच्या इंजेक्शनांवर उरकलेली झटपट शस्त्रक्रिया काय कामाची? ट्यूब आहे, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आहे, तुझे दोन हात आहेत.

शिबिरात एका कुत्र्यापाशी जास्त वेळ काढतो म्हणून मला हट्टी म्हणत. म्हणोत. मागणीपत्रात सगळे नंबर, अर्ध्याचेसुद्धा, मी दरवर्षी लिहायचो. यायच्या 7 आणि 8, ढिगाने. बाकीच्या पदरच्या पैशाने नागपूरहून आणल्या, आणि आजही तेच करीन, कारण दोन नंबरांत सगळी कुत्री बसवायला ती काही कारखान्यात घडत नाहीत. माझ्यानंतर आलेल्यांच्या कपाटात तेच दोन नंबर उरले, ही खंत मात्र जात नाही. तू मागणी लिहितच राहा. उन्हाळ्यात पीव्हीसीच्या ट्यूब पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नको, लुळ्या पडतात आणि घालताना वाकतात.

आता पुढच्या आठवड्यातला तो पग. आठ किलो आहे म्हणालीस. तक्ता 7 म्हणेल. चपट्या नाकाच्या जातींत श्वासनळी वजनाच्या मानाने अरुंद असू शकते, मऊ टाळू लांब असते, आणि त्या जाड गळ्यात बोटांना नीट कळतही नाही. तरी चाचप, आणि 4.5 पासून 7 पर्यंत सगळ्या अर्ध्या नंबरांसकट काढून ठेव. आधी मास्कने ऑक्सिजन दे. ट्यूब काढायची घाई करू नको, डोकं उचलून ती सहन होईना असं झालं की मगच काढ. 5 आणि 5.5 तुझ्याकडे नसतील, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे आहेत. बुधवारी यवतमाळच्या बसने पाठवतो, कंडक्टरकडून आठवणीने घे.

तुझा,
सर